डाव्या हाताचा भाग

डाग नव्हे तो, कुंकू आहे — त्या फटीत गेलंय, कापसानं घासू नका, निघत नाही — फोटो काढायचा तर काढा की, डाग आहे म्हणूनच कळवा तुमच्या दुकानात, मला काही नाही, पण कुंकू आहे ते. आयुधपूजेचं. तुमच्या सांगलीकडं खंडेनवमी म्हणतात ना, तेच. इथं म्हैसुरात त्या दिवशी रिक्षाला हार, बसला हार, आमच्यासारख्या शिंप्यांच्या घरी शिलाई मशीन, कात्री, टेप, इस्त्री, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं आणि कुंकू लावायचं. तर यांनी हे पण ठेवलं पाटावर. हे गेमचं मशीन. मी म्हटलं, अहो, हे खेळणं, आयुध कुठलं — ऐकतात कुठं. डाव्या हातानं कुंकू लावायला गेले, नेम चुकला, गेलं फटीत. बसा तुम्ही, निशांत म्हणालात ना? बसा, ती ब्लाउजं सरकवा तिकडं. मराठी बोलणारा माणूस दारात आला की मला जरा बरं वाटतं, आमची मराठी ही अशी, अर्धी कन्नड, चैत्राला तर तेवढीही येत नाही नीट — चैत्रा म्हणजे माझी मुलगी, बेंगळुरात असते, तिनंच तुमच्याकडं बुक केलंय. नवीन मशीन येणार, जुनं हे तुम्ही घेऊन जाणार. ठाऊक आहे मला सगळं. घाई आहे का? नाही ना. मग बसा.

त्या नव्याचं सगळं बघितलंय मी. तुम्हाला वाटलं असेल, ही म्हातारी, हिला काय कळतंय, पोरीनं पाठवलं की घेईल — जाहीर झालं ना, त्याच दिवशी बघितलंय फोनवर, काज-बटण करता करता. भुवन म्हणून एक पोरगा आहे, कन्नडमध्ये सांगतो छान, त्याचे सगळे व्हिडिओ बघते मी. पडदा मोठा केलाय, ते चांगलं केलं, माझ्या डोळ्यांना बरं. वजन वाढवलंय, ते कशाला? मांडीवर घेऊन बसणाऱ्याला विचारा की. आणि आत पंखा आहे म्हणे, जोरात फिरतो — आता मला सांगा, खेळणाऱ्याच्या कानाशी पंखा कशाला? बॅटरी जास्त चालते म्हणतात, चालू दे. पण मुख्य गोष्ट काय केली त्यांनी, बघितलंत का? हे हातात धरायचे डावे-उजवे भाग निघत नाहीत आता. सगळं एका अंगाचं करून टाकलं. मजबूत झालं म्हणे. भुवन खूश, खाली लिहिणारे सगळे खूश — दोन भाग ढिले व्हायचे, कटकट गेली, असं. मी काही लिहिलं नाही. काय लिहू? एका माणसानं धरायची वस्तू आहे ती. बरोबरच आहे म्हणा, मी एकच माणूस आहे आता. चैत्रा असं बोलली नाही, पण तेच धरून बुक केलं असणार तिनं.

काय आहे, आमचं दुकान कसं चालायचं ते तुम्हाला ठाऊक नाही. कापणं त्यांचं, शिवणं माझं. लग्न झाल्यापासून तसंच. ते तिथं, त्या टेबलाशी, मी इथं. खडूनं आखायचे, कापायचे, कापड माझ्याकडं सरकवायचे आणि म्हणायचे, "हं." बस, तेवढंच. गळा खोल घे, बाही तोकडी कर, काही सांगायचे नाहीत, त्या 'हं'मध्ये सगळं आलं. मी पण कधी कात्री घेतली नाही आणि ते कधी मशीनवर बसले नाहीत. त्या गोकुलम भागात योग शिकायला आलेल्या फॉरेनर मुली येतात ना ढगळ पायजमे शिवायला, त्या बघत उभ्या राहायच्या, यांना बोलायला लागत नाही का म्हणून. मग यांची उजवी बाजू गेली — झोपेतनं उठले ते तसेच. हात गेला, बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, निशांत, माझं नाव पण गेलं. 'हं' तेवढं राहिलं. दिवसभर त्या कापायच्या टेबलाकडं बघत बसायचे. त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. तेव्हा चैत्रानं हे आणून दिलं, डाव्या हाताला काही उद्योग होईल म्हणून, टीव्हीला जोडून दिलं आणि गेली बेंगळुरला, तिचं काम होतं.

आता ह्याचे दोन भाग निघतात, एक डावा, एक उजवा. आम्ही काय समजलो? दोन भाग, दोन माणसं. सरळ आहे, अल्वा, नाही का? डावा त्यांनी घेतला, उजवा मी. डाव्यानं ते बाहुलं चालतं, उजव्यानं उडी मारतं. एक माणूस आहे त्या खेळात, पाठीला कंदील बांधलेला, डोंगरातनं चाललाय. ते चालवायचे, खड्डा आला की म्हणायचे, "हं" — मी उडी दाबायची. वर्षभर आम्ही तसं खेळलो. सुरुवातीला पडायचं बाहुलं, सारखं पडायचं, मग जमलं — जमायला काय, तेच तर करत आलो होतो, ते कापतात, मी जोडते. ते हसायला लागले, निशांत. अर्धंच तोंड हसायचं, पण हसायचे. मग दिवाळीला चैत्रा आली, बघितलं, आणि हसून हसून खाली बसली — अम्मा, हे एकट्यानं खेळायचं असतं, दोन्ही भाग एकाच माणसानं धरायचे. आम्ही दोघं एकमेकांकडं बघतोय. मग तिचं हसणं थांबलं, उठून आत गेली, बराच वेळ आत होती. आम्ही काय, तसंच खेळत राहिलो पुढं. एकट्यानं कशाला खेळायचं?

संक्रांतीच्या आधी गेले ते. दवाखान्यात. खेळ अर्धाच राहिला, शेवटाला, एक तुटका पूल आहे नदीवर, तिथं. ह्या दसऱ्याला पूजा केली नाही मी, वर्ष झालं नव्हतं. म्हणून तर कुंकू तेच राहिलंय, त्यांच्या हातचं.

काय शोधताय? हां — ते. अंगठ्याखालची ती दांडी आपोआप सरकते ना? कळलं तुम्हाला. मला वाटलं कळणार नाही. हौदु, हो, बिघडलंय ते, लपवत नव्हते मी, विचारलं असतं तर सांगितलं असतं. डाव्या भागाची दांडी कुणी हात लावला नाही तरी पुढं दाबल्यासारखी होते, बाहुलं आपलं आपण चालायला लागतं. इथं चौकातल्या दुरुस्तीवाल्याला दाखवलं, तो म्हणाला, अक्का, कुणीतरी फार जोरानं एकाच बाजूला दाबत होतं, झिजलंय आत, बदलून देतो. कुणीतरी. कात्रीची सवय त्यांची, अंगठा लावला की जोर लावूनच. ती बघा भिंतीवर कात्री — अंगठ्याचं कडं कसं झिजलंय, बघा, हात नका लावू, नुसती बघा. आमच्यात कात्री दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. अंगठ्याप्रमाणं बसलेली असते, दुसऱ्यानं धरली की कापड चावते. ते गेल्यावर एक जण आला होता मागायला, चांगला कारागीर, नाही दिली मी. आता कापते मी, बाजारातली दुसरी आणलीय. कापते कसलं, कुरतडते. मधेच थांबते, आता 'हं' म्हणतील म्हणून. सुम्ने, उगाच, वेडेपणा.

तर दुरुस्तीवाल्याला म्हटलं, राहू दे. आणि त्या नव्यात काय केलंय ठाऊक आहे ना तुम्हाला? दांडीखाली लोहचुंबक बसवलंय. कधी झिजणार नाही. तुम्ही हात लावल्याशिवाय तसूभर हलणार नाही. भुवननं तीन-तीनदा सांगितलं, टाळ्याच वाजवायचा बाकी होता. चैत्रा पण तेच सांगत होती फोनवर — अम्मा, खेळ जसाच्या तसा नव्यात जातो, काही पुसलं जात नाही, बाहुलं तिथंच पुलापाशी उभं असेल. असेल ना. उभंच असेल. नुसतं उभं असेल, मी दांडी ढकलेपर्यंत — आणि मी नाही ढकलणार, ते काम माझं नव्हे.

थांबा, आणा इकडं. चालू करून दाखवते, चालतंय की नाही ते तुम्हाला बघायचंच असेल. हा डावा भाग इथं ठेवायचा, त्यांच्या उशीवर. हात लावू नका. उजवा माझ्याकडं. बघा — आला पडदा, आला पूल. आता कुणी काही केलं नाही, बघा. निघाले. रोज दुपारी जेवण झालं की बघते मी हे. ते चालतात, पुलाच्या टोकाशी आले की मी उडी देते. नदीत पडतो आम्ही, रोज पडतो, त्यांना थांबता येत नाही ना आता, आणि खड्डा आलाय हे सांगायला कुणी नाही. पडलो की परत पहिल्यापासून निघतात. पूल ओलांडला तर खेळ संपतो म्हणे. मग काय करायचं, ते चैत्रानं नाही सांगितलं.

पिशवी मिटा ती, निशांत. नाही देणार मी हे. चैत्राला मी सांगते, रागावेल, रागावू दे, तुमच्यावर काही येणार नाही. नवीन ते दुसऱ्या कुणाला द्या, चांगलं आहे ते, खरंच चांगलं केलंय त्यांनी. निघा आता. चहा विचारायचा राहिला, पुढच्या वेळी या, घरच्यांचं काही शिवायचं असेल तर आणा. दार ओढून घ्या जाताना. मला आता बोलता येणार नाही, ते टोकाशी पोचतायत.

हं.