छावणीसमोरच्या दुकानातली सही

छावणीच्या फाटकासमोर कर्जाचं दुकान आहे. तिथल्या फुकटच्या पंख्याखाली मी बसलो होतो. शेजारी मोटरसायकलसाठी आलेला नवा जवान आणि त्याची वहिनी, मागे कर्जासाठी जवानांची रांग.

“वहिनी, एक सही, की गाडी दारात!”

“भावजी, बंदूक हातात आली की आधी काय बघता?”

“आत गोळी आहे का ते.”

“मग हा कागद बघितलात?”

“बघतो... अरे बापरे! महिन्याला शेकडा दहा व्याज. हप्ता चुकला तर सगळा पगार यांचाच!”

“आणि घरी आईंना काय पाठवणार? हॉर्न?”

“मित्रा, मोठ्यानं वाच ना,” रांगेतून कोणीतरी म्हणालं.

त्यानं वाचलं. शपथेवर सांगतो, रांगेतले अकरा जवान हुकमाशिवाय पावलाला पाऊल मिळवत बाहेर पडले. खोटं असेल तर तोच पंखा माझ्या डोक्यावर पडो.