आठव्या भागातलं वाक्य

नाही, तो करार आधी पिशवीत घाला, साकुमा-सान, आणि जेवणाच्या ओट्यावर कागद नका ठेवू, बाबांना ते अजिबात — असो. ठेवा आत. सकाळची गाडी पकडून टोकियोहून कानाझावापर्यंत आलात, पोटात काही नसेल तुमच्या. दारावरचा पडदा मी मघाशीच काढून ठेवलाय, म्हणजे हॉटेल बंद, आता संध्याकाळपर्यंत कोणी यायचं नाही. बसा निवांत. पण उत्तर तेच आहे, फोनवर सांगितलं तेच — मालिकेचं दुसरं पर्व खुशाल करा, स्वयंपाकाची सल्लागार म्हणून माझं नाव नको. का, ते विचारू नका. विचारणारच तुम्ही. पगार वाढवतो म्हणाल — पगाराचं काही नाही हो. तुमचं चॅनेल वाईट वागलं का? मुळीच नाही, डबासुद्धा चांगला द्यायचे.

वाटी घ्या. साधंच आहे — तोफूचा तुकडा, वर हिरवी काडी आणि आपली दाशी, समुद्री शेवाळाचं पातळ सार. झाकण निघत नाहीये? ओढू नका, वाटी दोन्ही बाजूंनी जरा दाबा, हवा शिरली की सुटतं. बघा. तुमच्या हीरोलाही हे मीच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं झाकण उपटलं नि सगळं रेशमी किमोनोवर. मग कपडेवाल्या बाई माझ्यावर चिडल्या, म्हणाल्या, तुमच्या खरेपणाचा डाग आता धुवून द्या. हसू नका, मी तेव्हा हसले नव्हते. मला तेव्हा कशाचंच हसू येत नव्हतं. मी फ्रान्सहून, लिओंहून परत आले होते, सात वर्षं परक्यांच्या भट्ट्यांपुढे उभी राहून, आणि तिथल्या लोकांना आपल्या जेवणाबद्दल काय माहीत होतं? टीव्हीवर बघितलेलं. ओल्या कापसाची वाफ, माशाला ब्रशनं लावलेलं तेल, आणि एक घास खाल्ला की डोळे मिटून किंचाळणारी माणसं. मी ठरवलं होतं, घरी जाईन आणि हे खोटं बंद पाडीन. अगदी असंच, या शब्दांत. अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस असले शब्द वापरतो. चार वर्षांनीही मी तेच बोलत होते, म्हणून तर तुम्ही मला बोलावलंत.

आणि मी केलं की नाही? तुम्हीच सांगा. दोन महिने त्या मुलाला मुळा सोलायला लावला — अख्ख्या मुळ्याची एकच पट्टी, कागदासारखी, न तुटता — बोटांना सात पट्ट्या बांधून घेतल्या बिचाऱ्यानं, पण शेवटी हात त्याचेच दाखवले, दुसऱ्याचे नाही. समुद्री शेवाळाची पट्टी उकळत्या पाण्यात पडली तर मी कॅमेऱ्यापुढे जाऊन उभी राहायचे, कारण उकळली की ती कडवट होते, आणि कडवट दाशी चाखून समाधानाचा चेहरा केला की तो चेहरा खोटाच दिसतो. दिग्दर्शक म्हणायचे, बाई, चव पडद्यावर येत नाही. मी म्हणायचे, येते. येतेच. लोकांनी पत्रं लिहिली ना तुम्हाला? इतकी खरी स्वयंपाकघरं पाहिली नव्हती म्हणून? आणि सगळ्यांना कुठला प्रसंग आवडला — आठव्या भागातला. दाशी चाखण्याचा. हो, माहितेय मला. तुम्ही फोनवर तेच म्हणालात, "तसं दुसऱ्या पर्वात अजून हवंय." म्हणूनच मी — खा तुम्ही, गार होतंय.

तो प्रसंग इथला आहे. या ओट्यावरचा. मी परत आले त्या दिवसापासून बाबांनी मला इथं मुलगी म्हणून ठेवलंच नाही. हाताखाली शिकायला ठेवलेला उमेदवार असतो तशी मी, आणि ते वस्ताद. ओट्याच्या आत बाबा म्हणायचं नाही. रोज सकाळी सहाला मी पहिली दाशी करायची, बशीत दोन घोट ओतून त्यांच्यापुढे धरायची. ते चाखायचे. बशी ओट्यावर ठेवली म्हणजे चाललं, कामाला लाग. बशी नळाखाली धरली म्हणजे ओत ती सगळी, पुन्हा कर. बस. का, काय चुकलं, काही नाही. चार वर्षं. लिओंचा आमचा शेफ माणूस होता आरडाओरडा करणारा, पण जमलं की गालाचा मुका घ्यायचा, सगळ्या भट्टीला ऐकवायचा. आणि इथं — बशी. पहिल्या वर्षी मी मागच्या अंगणात जाऊन रडायचे. मग मला त्याचा अभिमान वाटायला लागला. खरंच. वाटायचं, हेच आपलं. खरा कारागीर बोलत नाही. बोलतात ते टीव्हीवरचे.

आणि मग तुमच्या आठव्या भागाची संहिता आली. म्हातारा वस्ताद मुलाची दाशी चाखतो, बशी ठेवतो आणि म्हणतो — पाठ आहे मला — "माझ्यापेक्षा बरी झालीये. उद्यापासून तूच चाख, मला नको विचारू." मी ते वाचलं आणि माझा संताप झाला. तुम्ही होतात त्या बैठकीत, दाराशी, वह्या सांभाळत. अर्धा तास बोलले मी. म्हटलं, जपानात आजवर कुठल्या वस्तादानं हे वाक्य उच्चारलंय, एक नाव सांगा. म्हटलं, चार महिने तुम्ही माझ्याकडून मुळे खरे करून घेतलेत आणि माणूस खोटा करताय. तो बोलणार नाही. बशी ठेवेल आणि कामाला वळेल. नोगामीबाई, तुमच्या लेखिका, सत्तरीच्या बाई, मान खाली घालून ऐकत होत्या. एवढंच म्हणाल्या, "मिओरी-सान, एकदा आणखी विचार करा." मी म्हटलं, विचार झालाय. आणि दिग्दर्शकांनी लाल पेन घेतलं.

त्या बाई आमच्याकडे यायच्या, तुम्हाला ठाऊक नसेल. वर्षभर, महिन्यातून दोनदा-तीनदा, दुपारच्या या अशाच वेळी. मी बाजारात किंवा तुमच्या सेटवर. मला वाटायचं, जेवायला येतात.

आठवा भाग आम्ही वर बसून पाहिला, दुसऱ्या दिवशी दुपारी, रेकॉर्ड केलेला. बाबांनी मालिकेचा एकही भाग चुकवला नव्हता, आणि एकाही भागाबद्दल बोलले नव्हते — तो मुलगा सुरी चुकीची धरतो, एवढं एकदा. त्या दिवशी ते टीव्हीच्या अगदी जवळ सरकून बसले होते. प्रसंग आला. बशी चाखली, बशी ठेवली, वस्ताद वळला, आणि जाहिराती लागल्या. बाबा जाहिरातींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंच?"

मला वाटलं, चूक काढतायत. मी उत्साहानं सगळं सांगितलं — कसं भलतंसलतं वाक्य लिहिलं होतं, कशी मी अडून बसले, कसं काढायला लावलं. वाक्यसुद्धा म्हणून दाखवलं मी त्यांना, नाटकी आवाजात, नक्कल करत. म्हटलं, वस्ताद, तुम्ही म्हणाला असतात का असं कधी? ते हसले. बाबा हसले की खांदे हलायचे, आवाज नाही. म्हणाले, "बरोबर केलंस. खोटं वाटलं असतं." आणि खाली तांदूळ धुवायला गेले.

अठरा दिवसांनी गेले. ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही फुलं पाठवली होती. लोकांना वाटलं अचानक. मलाही वाटलं. पण अचानक काही नव्हतं — आदल्या उन्हाळ्यापासून त्यांना माहीत होतं. दर मंगळवारी युवाकूच्या गरम झऱ्यावर अंघोळीला जातो म्हणून जायचे, ते इस्पितळात जायचे. घरी येताना टॉवेल कोरडा असायचा. पाहिला होता मी तो टॉवेल. वाटलं, आळसावलेत, नुसते बसून गप्पा मारून येत असतील. आणि डॉक्टर मला शेवटी काय म्हणाले — त्यांना वाटलं मला माहीतच असेल — म्हणाले, तुमच्या वडलांचं कौतुक वाटतं, औषधांनी सप्टेंबरपासून जिभेची चव पूर्ण गेली होती, तरी हॉटेल चालवत राहिले.

सप्टेंबरपासून.

म्हणजे आलं ना लक्षात? सप्टेंबरपासून रोज सकाळी सहाला मी बशी धरत होते आणि समोरच्या माणसाला गरम पाणी लागत होतं. आणि ते चाखायचे, थोडं थांबायचे, नेहमीइतकंच थांबायचे, आणि बशी ओट्यावर ठेवायचे. एकदाही नळाखाली धरली नाही, सहा महिन्यांत. मला वाटत होतं माझा हात बसला. तुमच्या त्या सबंध मालिकेत एवढा चांगला अभिनय कोणी केला नाही, साकुमा-सान, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर चालला होता, आणि मी टोकियोला जाऊन लोकांना सांगत होते, खरा वस्ताद कसा चाखतो बघा, असा. वस्ताद झालेल्या नटाच्या हाताला धरून दाखवलं मी. खांदा असा, मान अशी. सगळं त्यांचं उचललेलं.

थांबा, संपलं नाही. तुम्हाला सांगायचं नव्हतं हे, पण आता निम्मं सांगून झालंय. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि नोगामीबाई आल्या. उदबत्ती लावली, बसल्या, आणि तिथंच जमिनीवर डोकं टेकून माझी माफी मागायला लागल्या. म्हणाल्या, मी तुमच्या वडलांना शब्द दिला होता म्हणून बोलले नाही, पण तो शब्द पाळायला नको होता. त्यांनी बाबांना विचारलं होतं, तुमची भट्टी पुढच्या माणसाच्या हातात द्यायची झाली तर काय म्हणाल? बाबा मुळा सोलत होते. अर्धा मुळा सोलून झाला. मग ते वाक्य म्हणाले. तेच, शब्दाला शब्द. म्हणाले, मला हे तोंडानं जमायचं नाही, तुम्ही लिहा, तो नट म्हणेल. आणि विचारलं, "शूटिंगच्या वेळी ती तिथं असेल ना? ऐकू येईल ना तिला?"

इतकंच हवं होतं त्यांना. परक्या माणसानं, रंग लावून, दिव्यांखाली उभं राहून ते म्हणावं आणि मी कोपऱ्यात उभी राहून ऐकावं. मला कळायचीसुद्धा गरज नव्हती. आणि मी ते लाल पेनानं — मी स्वतः — आणि वर घरी येऊन त्यांना त्याची नक्कल करून दाखवली.

नाही, दुसऱ्या पर्वात घालू नका. मला कळतंय तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय. पण आता तुम्ही माझ्यासाठी घालाल, आणि तो नट माझ्याकडे बघून म्हणेल, आणि मग ते खरंच खोटं होईल. सल्लागार म्हणून हा शेवटचा सल्ला घ्या.

आता? आता मीच करते नि मीच चाखते, दुसरं कोण आहे? पहिली दाशी रोज ओतून देते. चांगली असते, मला कळतं चांगली आहे, तरी बशी हातात घेऊन उभी राहते आणि ठेवता येत नाही हो ओट्यावर. नळाखाली जाते. मग दुसरी करते. शेवाळवाला म्हणतो, हल्ली तुमचं गिऱ्हाईक वाढलेलं दिसतंय.

प्यायलात सगळं? बरं झालं. तळाशी राहिलं असेल तर — काय म्हणालात? सुरेख झालीये?

नका. नाही, तसं नका म्हणू, साकुमा-सान. तुमचा दोष नाही, पाहुणा हेच म्हणतो, रोज दहाजण म्हणतात आणि मी वाकून आभार मानते. पण आज हे सगळं बोलून झाल्यावर नको. वाटी राहू द्या तिथंच. पिशवी घ्या. चारची गाडी मिळेल तुम्हाला. दार जरा उचलून सरकवा, खाली अडकतं. आणि मागे वळून — नको, वाकू नका. जा.