बारीक टोकाची काठी

सासू: मला न विचारता ह्यांचं कपाट उघडलंस, ह्यांची स्नूकरची काठी घेऊन पूल खेळलीस, आणि वर सांगतेस, फक्त टोकाचं पितळी कडं हललंय.

सून: चुकलं, आई. आपल्या स्नूकर-पूलच्या हॉलमधल्या जाड काठ्या माझ्या हातात बसतच नाहीत. आज चारला निवडीचा शेवटचा सामना. जिंकले तर संघात, नाहीतर वर्षभर घरात.

सासू: घरात काय काटे टोचतात? बघू इकडे. कशानं हललं हे?

सून: डाव फोडायचा ब्रेक मारला. सगळा जोर लावून.

सासू: ह्या काठीनं? अगं, स्नूकरचा पहिला फटका म्हणजे झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसा. पूलमध्ये पंधराच्या पंधरा चेंडू एका दणक्यात उधळायचे, तेही चांगले जडशीळ. सुईनं खिळा ठोकायला निघालीस तू.

सून: तुम्हाला एवढं कळतं, मला माहीतच नव्हतं.

सासू: बत्तीस वर्षं काउंटरवर बसून काय माशा मारत होते? शाळा तिसरीपर्यंत, पण टेबल मला वाचता येतं.

सून: ठेवते परत कपाटात.

सासू: लगेच तोंड पाडू नकोस. कडं हललंय, फुटलं नाही. ती चिकटवायची ट्यूब आण. आणि वाळेपर्यंत हात लावशील तर याद राख.

(दुपारी, हॉलमध्ये, पूलच्या टेबलापाशी. कडं पक्कं बसलं आहे.)

सासू: ब्रेकला भिंतीवरची जाड काठी. मग ही. जाड टोक चूक पोटात घालतं, हे बारीक टोक चुगली करतं. केसभर बाजूला लागलं की पांढरा चेंडू गिरकी घेऊन भलतीकडं.

सून: काल तसंच होत होतं. मला वाटलं, काठीच वाकडी झाली.

सासू: काठी सरळ आहे. घाई तुझ्या कोपरात आहे. पूलची पॉकेटं म्हणजे सताड उघडी दारं, कुणीही शिरावं. त्यानं माणूस ढिला पडतो. पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर मार.

सून: हरले तर? ह्यांनी ऑफिसभर सांगून ठेवलंय.

सासू: बापावर गेलाय, आधीच बोंबलून मोकळा. हरलीस तर घरी येशील, जेवशील. काठी मोडलीस तर मात्र जेवायलाही येऊ नकोस.

सून: बाबांच्या माघारी तीन वर्षं तुम्ही हॉलची पायरी चढला नाहीत. म्हणून विचारायची छाती झाली नाही.

सासू: खडू लाव टोकाला. तो पिवळा चेंडू घे, कोपऱ्यातला.

सून: गेला. आई, बघितलंत? मधोमध गेला.

सासू: गेला तो गेला. त्या भोकाकडं काय बघत बसलीस? पांढरा कुठं थांबलाय ते बघ. पुढचं तिथून खेळायचं.