गार लागतेय का?

अहो, उठताय कुठं — बसा हो, आता झालंच. मघापासून तुमच्यासाठी तीन ग्लास भरले, तिन्हींत नुसता फेस, तिन्ही मोरीत ओतले — कबूल आहे, पण हा चौथा बघा की, दोन बोटं फेस आणि खाली सगळी बिअर! ही पेटी? मीच केलीय. हसू नका. आमचं थंड करायचं मशीन दोन महिन्यांपूर्वी बसलं ते बसलंच — मिस्त्री म्हणाला, याला आता हात जोडा. मग काय करणार? सहलीला नेतात तसली बर्फाची पेटी घेतली, पन्नास फूट स्टीलची नळी घेतली, रंगाच्या डब्याभोवती गुंडाळली — पहिली मुडपली, दुसरीत बारीक वाळू ठासून मग वळवली, आणि ती वाळू धुऊन काढताना नाकी नऊ आले. इकडून पिंपातली बिअर आत शिरते, बर्फातून गरगर फिरते, तिकडून थेट तुमच्या ग्लासात. नुसता बर्फ चालत नाही बरं का, त्यात पाणीही घालावं लागतं, नळीला सगळीकडून गारवा लागायला — हे मला कालच कळलं. दोन महिने नुसताच बर्फ भरत होतो, कपाळ माझं.

घ्या ना घोट. एवढंच सांगा, गार लागतेय का? मी का नाही चाखत? मी — सोडलीय. सहा वर्षं झाली. बारवाला आणि पीत नाही म्हणून लोक हसतात, हसू देत. ग्लासाला हात लावून काय कळणार, ग्लास मी बर्फाच्या पाण्यातच धुतो. थर्मामीटर आहे, पण तो बर्फातही चार दाखवतो आणि माझ्या काखेतही चार. काल बिअरमध्ये बोट बुडवून पाहिलं — पण पेटीत हात घालून घालून बोटं आधीच बधिर, त्यांचं काय ऐकायचं? मग ते बोट फडक्याला पुसलं... नाही, पुसलं नाही. चाटलं. एकदाच हो! आणि मग तासभर मागच्या खोलीत आतून कडी लावून बसलो, कारण माझा घोट एकावर थांबत नाही, कधीच थांबला नाही. बायकोला हे माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.

वरच राहतो आम्ही. रोज बार उघडायच्या आधी ती खाली येते, एक घोट घेते, म्हणते, अगदी गार आहे, दात शिवशिवतायत. रोज! मी आपला खूश — आणि गिऱ्हाईक एकेक करून गळतंय. शेवटी परवा पोस्टातले काका, बारा वर्षं त्याच स्टुलावर बसणारा माणूस, म्हणाले, "अरे, दोन महिने कोमट पाजतोयस, कुणी बोललं नाही तुला?" तसाच वर जाऊन तिच्यावर ओरडलो, खोटं का बोललीस, का? तर रडायलाच लागली. म्हणाली, गार नाही म्हटलं असतं तर तुम्ही स्वतः चाखून पाहिलं असतंत. बरोबरच आहे तिचं. आता तिचं मला खरं वाटत नाही आणि माझं तिला. म्हणून तुम्हाला विचारतोय — तुम्ही परके, तुम्हाला माझी भीडभाड असायचं कारण नाही. शिव्या घाला हवं तर, पण खरं सांगा. पाया पडतो तुमच्या. मला कुणीतरी सांगायलाच हवं, नाहीतर मी —

काय म्हणालात? मस्त गार आहे?

अहो, ग्लास काठोकाठ आहे. तुमच्या मिशीला फेसाचा थेंब नाही. तुम्ही अजून ओठसुद्धा लावला नाहीत.

नाही, आता नका घेऊ. या तुम्ही. रागावलो नाही हो, खरंच या. तो ग्लास? राहू द्या तिथंच. राहू द्या म्हटलं ना. आणि जाताना दार ओढून घ्या.