नारळवाल्या तातेरावाला जंगल आवडलं

सेनगावच्या स्टॅन्डवर चतुराबाईच्या पुढच्याच बाकावर, तळहातावर नारळ धरून बोअरची जागा दाखवणारा तातेराव भाचीशी गप्पा मारत होता. चतुराबाईनं तोंडावर पदर ओढून कान दिला.

"सृष्टे, कालेजात काय करून राहिली?"

"मामा, दूरच्या घनदाट जंगलात नदीकाठी जमिनीखाली पाणी किती, ते उपग्रहावरून मोजतो आमी."

"नारळाबिगर?"

"व्हय. पाणी वाढलं की जमिनीची ओढ, म्हंजे गुरुत्वाकर्षण, जरासं वाढतं, ते उपग्रहाला वरून कळतं."

"मंग बोअर कोण पाडतं?"

"कोणीच न्हाई. तिथं माणूसच पोचत न्हाई."

"म्हंजे चुकलं तरी कोणी घरी येऊन भांडत न्हाई! आमच्या नशिबी मात्र समदी बोअर पाडणारीच गिऱ्हाइकं."

चतुराबाईनं पदर सारला.

"तुमी दावलेल्या जागी बोअर पाडली, कालपासून तिच्यातून नुसता फुफाटा निघून राहिला. चला, उपग्रहराव!"