एक हजार नऊ

कवायतवाले सर : अहो, चेष्टा पुरे! उद्या सकाळी पाहुणे येणार आणि माझा चौकोन अजून जमत नाही. वीसच्या रांगा केल्या, नऊ पोरं उरली. पंचवीसच्या केल्या, परत नऊ. तीसच्या केल्या तर एकोणीस!

गणितवाले सर : आणखी करा. शिट्टी फुंकायला अक्कल थोडीच लागते?

कवायतवाले : मोजणीच चुकली असेल.

गणितवाले : मोजणी बरोबर आहे. एक हजार नऊ. मूळ संख्या आहे ती, महाराज. एक आणि ती स्वतः सोडून कोणाचाही भाग जात नाही. जन्मभर मैदानात पळवलीत तरी हिचा भरीव आयत व्हायचा नाही.

कवायतवाले : सगळ्यांनी भागून पाहिलंत?

गणितवाले : एकतीसपर्यंत. पुढे गरजच नसते, बत्तीसचा वर्ग हिच्या पलीकडे जातो. पण तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कवायतवाले : मग करू काय ते बोला.

गणितवाले : एक काढा. एक हजार आठ! काय दिलदार संख्या आहे, तीस विभाजक! छत्तीसच्या अठ्ठावीस रांगा, कुठे फट नाही.

कवायतवाले : एवढंच ना? सातवीतली ठमी काढतो. ती पायाला पट्टा लावते ती. नाहीतरी दर फेरीला मागे पडते.

गणितवाले : कोणालाही काढा. संख्येला काय त्याचं!

बाई : (दारातून) वा! दोन शहाणे डोकं लावून बसले आणि निघालं काय, तर माझ्या वर्गातली पोर हाकला.

गणितवाले : बाई, हा गणिताचा प्रश्न आहे. इथे रडारड नको.

बाई : मग गणित करा की! वजाबाकीपुढे येत नाही का काही? दोन महिने मधल्या सुट्टीत डबा टाकून फेऱ्या मारतेय ती. पट्ट्याने पाय सोलवटलाय. तिला काय सांगू, तुझ्यामुळे भाग जात नव्हता?

गणितवाले : बेरीज म्हणता... एक हजार दहा. दहाच्या एकशे एक रांगा, नुसतं शेपूट. अकरा, त्याहून भिकार. एक हजार बारा... तेवीसच्या चव्वेचाळीस. हं. जमतंय.

बाई : पेटली एकदाची ट्यूब!

कवायतवाले : आणि तीन पोरं कुठून आणू? अख्खी शाळा उभी आहे.

बाई : पोरं कशाला? तुम्ही, हे आणि मी.

कवायतवाले : पाहुण्यांसमोर यांची ढेरी? यांना डावा पाय कुठला तेही कळत नाही!

बाई : ठमीला कळतो. तिच्या एका हाताला तुम्ही, दुसऱ्या हाताला हे. मग मागे कोण पडतं ते बघू.

कवायतवाले : गेली! काय बाई आहे! सर, बोला की काहीतरी.

गणितवाले : मैदान मोकळं आहे ना आत्ता? चला, माझ्याकडून जरा डावं-उजवं करून घ्या.