छातीवरचं अक्षर

खेळासाठी शाळेनं लेकीला दिलेलं कापडी अक्षर तिच्या जॅकेटवर शिवून घ्यायला डेनिस शिंपिणीच्या दुकानात उभी होती. पुढचं म्हातारं जोडपं काउंटरवर शिंपिणीशी बोलत होतं.

"व्हर्नाबाई, जॅकेटवर तर शाळेचं 'एम' आहेच की!" शिंपीण म्हणाली.

"ते लाइलचं, फुटबॉलचं. हे नवं माझं आहे, धावण्याचं. काल शाळेनं दिलं."

"या वयात?"

"आमच्या वेळी मुलींना अक्षर देत नव्हते. बावन्न वर्षांनी जाग आली त्यांना."

"मग हे बाहीवर लावू?"

"छातीवर लाव," लाइल म्हणाला. "माझं उसव."

"अहो, पण तुम्ही कमावलंय ते."

"कसलं कमावलंय! सगळा सीझन बाकावर बसून होतो. शेवटच्या वर्षी सगळ्यांनाच देतात."

"बसला होतास खरा. मैदानाभोवती पळताना दर फेरीला दिसायचास मला," व्हर्ना म्हणाली.

"बरं, व्हर्नाबाई, जॅकेट घालून उभ्या राहा. जागा बघून खूण करते."

"मला नको, ह्याला घाल. शुक्रवारी मॅचला हाच घालणार आहे."

"मी?"

"मग कोण? तुझं हे जॅकेट घालून शाळाभर तुझं अक्षर मिरवत हिंडले, तुझी मैत्रीण म्हणून. आता तू माझं मिरव."

लाइलने बाहीत हात घातला.